धंदा आवरून पुन्हा नोकरीकडे: सोलापुरातील सात रस्त्याजवळच्या करिअर सल्ला केंद्राचा अनुभव

चादर-टॉवेलच्या कारखानदारांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर करणारी माझी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आठ वर्षे चालवल्यानंतर, उधारीच्या वसुलीला कंटाळून, मी पुन्हा नोकरी शोधू लागलो. पुण्याला बायोडेटा पाठवूनही कोणाचा फोन येईना, म्हणून सात रस्त्याजवळच्या एका करिअर सल्ला केंद्रात ४,५०० रुपये भरले.

पहिल्याच बैठकीत तेथील मॅडमनी ‘संस्थापक व संचालक’ या शब्दांभोवती लाल पेनाने गोल केला आणि विचारले, “सर, कोड तुम्ही स्वतः लिहीत होतात, की मुलांकडून लिहून घेत होतात?” प्रश्न झोंबला, पण नेमका होता. हुद्दा त्यांनी राहू दिला. मात्र त्याखालची ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची जंत्री काढून, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा मी एकट्याने नव्याने लिहिलेले बिलांचे मॉड्यूल सर्वांत वर आणले. पुढे प्रत्येक मुलाखतीत पहिली विचारणा त्याचीच झाली.

केंद्राची खरी जाण कागदपत्रांची आहे. पडताळणीच्या वेळी आधीच्या मालकाचे रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मुक्त केल्याचे पत्र, मागितले जाते आणि येथे मालक मीच असल्याने, कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, प्राप्तिकर विवरणपत्रे व दोन जुन्या ग्राहकांची पत्रे अशी फाइल त्यांनी लावून दिली. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते, आणि कंपनी बंद करण्यासाठी एसटीके-२ चा अर्ज केला तरी तिचे नाव कंपनी निबंधकांच्या नोंदवहीतून निघेपर्यंत संचालकपद कागदोपत्री राहते, तेव्हा ते नव्या कंपनीला आधीच लेखी कळवावे, हेही त्यांनीच बजावले.

सराव मुलाखत मात्र निराशाजनक होती. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलांसाठीचीच प्रश्नावली त्यांनी माझ्यापुढे ठेवली, आणि शेजारच्या शिकवणीतील पाढ्यांचा आवाज भिंतीतून येत असल्याने माझीच उत्तरे मला नीट ऐकू येत नव्हती. वयाने दहा वर्षे लहान मॅनेजरने आपला कोड तीनदा परत पाठवला तर काय कराल, हा प्रश्न मला प्रत्यक्ष मुलाखतीतच पहिल्यांदा ऐकावा लागला. त्याचे उत्तर अडखळतच दिले.

कागदपत्रे आणि बायोडेटा यांसाठी येथे अवश्य जावे. मुलाखतीची तयारी एखाद्या जुन्या सहकाऱ्याकडून करून घ्यावी. शुल्क दोन हप्त्यांत घेतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.