जुनी रिमोट कार पुन्हा पळवायची तर चाकं, टायर आणि चेसिस कुठून घ्याल?

ऐंशीच्या दशकातली तामिया किंवा क्योशो या जपानी कंपनीची एखादी रिमोट बग्गी माळ्यावरच्या खोक्यात निघाली की पहिला प्रश्न मोटरचा किंवा बॅटरीचा नसतो. ते दोन्ही आज सहज मिळतं. प्रश्न असतो तो दगडासारख्या कडक झालेल्या टायरचा, आटे गेलेल्या चाकांचा आणि तडा गेलेल्या चेसिसचा. कोल्हापुरात बसून यावर चार वाटा आहेत. जुना मूळ माल शोधायचा, कंपनीनं पुन्हा काढलेल्या म्हणजे रीइश्यू मॉडेलचे पार्ट मागवायचे, आजची बारा मिलिमीटर हेक्सची म्हणजे पाठीला षटकोनी खड्डा असलेली चाकं अ‍ॅडाप्टर लावून बसवायची, नाहीतर उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या भागात लेथवर हवं ते करून घ्यायचं.

चारही वाटा सगळ्या कामांना सारख्या लागू पडत नाहीत. माझं मत आधीच सांगतो: चाकं आणि टायर बिनधास्त नवे घ्या, चेसिस मात्र शेवटपर्यंत जुनीच वाचवा. गाडीची ओळख चेसिसमध्ये असते, टायर हा झिजायचाच माल आहे.

उदाहरणासाठी तामियाची हॉर्नेट घेतो. १९८४ ची ही गाडी आणि त्याच वर्षीची ग्रासहॉपर या दोघींचा टब, म्हणजे टबासारखी खोलगट चेसिस, एकाच घडणीचा, त्यामुळे एकीचं बरंचसं दुसरीला चालतं. मोटरमध्ये फरक आहे: ग्रासहॉपरला ३८० नंबरची लहान मोटर, हॉर्नेटला ५४० नंबरची मोठी. टायर निवडताना हा फरक लक्षात ठेवा, त्याकडे पुढे येतो.

आधी माप, मग ऑर्डर

पैसे सर्वात जास्त वाया जातात ते ‘१/१० स्केलची (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची) चाकं’ एवढंच बघून ऑर्डर दिल्यामुळे. स्केल जुळलं म्हणजे चाक बसलं असं होत नाही. व्हर्नियर घ्या आणि चार गोष्टी कागदावर लिहा. अ‍ॅक्सलचा व्यास किती? चाकाला ड्राइव्ह कशानं मिळतो, पिननं, हेक्सनं, की चाकातच मोल्ड केलेल्या खाचेनं? नटाचे आटे कोणते? आणि बेअरिंग चाकात बसतं की नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या सांध्यात?

यातला शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात, आणि अख्खी निवड त्यावरच ठरते. हॉर्नेटचं पुढचं चाक अ‍ॅक्सलवर मोकळं फिरतं आणि त्याचं बुश किंवा बेअरिंग चाकाच्या पोटातच बसतं. बेअरिंगचा नंबर ११५०, म्हणजे बाहेरचा व्यास ११ मिमी, आतलं भोक ५ मिमी, जाडी ४ मिमी. आजच्या टूरिंग कारच्या (सपाट रस्त्यावर पळवायच्या रिमोट कारच्या) चाकात बेअरिंगला जागाच नसते. त्याच्या पाठीला फक्त बारा मिलिमीटरचा षटकोनी खड्डा असतो, कारण आजच्या गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये असतं आणि अ‍ॅक्सल चाकाबरोबर फिरतो. म्हणून नवं चाक पुढे थेट बसत नाही, मग ते कितीही महागाचं असो.

तामिया आणि क्योशो या जपानी कंपन्यांचं माप मेट्रिक आहे. टीम असोसिएटेडची १९८४ ची आरसी-१० अमेरिकन, तिचे स्क्रू आणि नट इंची मापाचे. तिथे एम-३ चा स्क्रू जोर लावून बसवलात तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे कायमचे जातील.

चाकं: रीइश्यू, हेक्स की लेथ?

तामियाच्या गाड्यांपैकी हॉर्नेट २००४ मध्ये पुन्हा बाजारात आली, ग्रासहॉपर आणि फ्रॉग २००५ मध्ये, हॉटशॉट २००७ मध्ये, सँड स्कॉर्चर २०१० मध्ये. तुमची गाडी यांपैकी असेल तर चाकांसाठी सरळ रीइश्यूचा संच घ्या. पुढची-मागची चारही चाकं मूळ आकाराची मिळतात, बेअरिंगची जागा तीच, दिसायलाही गाडी तीच राहते. जुन्या मालापेक्षा स्वस्त पडतात, आणि प्लॅस्टिक चाळीस वर्षांचं नसल्यामुळे पहिल्या धक्क्यात फुटत नाहीत.

हेक्सच्या चाकांचं आकर्षण मला समजतं. बारा मिमी हेक्सचं माप आज जवळजवळ सगळ्या १/१० गाड्यांना चालतं. एकदा अ‍ॅडाप्टर बसला की शेकडो नमुन्यांची चाकं आणि हवे तसे टायर मोकळे होतात. मागच्या बाजूला हे जमतंही. पण अ‍ॅडाप्टर चाकाला बाहेर ढकलतो. चाक जितकं बाहेर, तितका अ‍ॅक्सलवर आणि बेअरिंगवर वाकवणारा ताण जास्त. पुढे असं केलं तर दगडाला चाक लागल्यावर सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरला, जास्त हिसका बसतो. म्हणून ऑफसेट, म्हणजे चाक किती बाहेर बसतं ते, बघून घ्या. शून्य ऑफसेटचं चाक आणि सहा मिलिमीटर ऑफसेटचं चाक फोटोत सारखंच दिसतं, गाडीवर दोन्ही बाजूंना मिळून बारा मिमीचा फरक पडतो.

उद्यमनगरात करून घ्यायचं म्हटलं तर मागचा अ‍ॅडाप्टर हे तिथलं अगदी किरकोळ काम आहे. अ‍ॅल्युमिनियमचा बार, मधे अ‍ॅक्सलचं भोक, एका तोंडाला पिनची खाच, दुसऱ्या तोंडाला बारा मिमीचा षटकोन. कास्टिंगच्या मशिनिंगवर जगणाऱ्या त्या गल्ल्यांत हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. फक्त नमुना हातात हवा. तिथला टर्नर पहिलं वाक्य हेच बोलतो, “तोंडी मापं नकोत साहेब, पीस आणा.” अ‍ॅक्सल काढून न्या, पिन न्या, जे चाक बसवायचं तेही न्या. दोनच नग असले तर मोठ्या कामातून वेळ काढून करावे लागतात, म्हणून चार दिवस इकडे-तिकडे धरून चाला.

पुढचं चाक हीच खरी अडचण आहे. पहिल्यांदा सुचतं ते असं: बाहेरून बारा मिमी हेक्स आणि आतून ११५० बेअरिंगची जागा असलेला हब करून घेऊ. कागदावर काढून बघा. बेअरिंग अकरा मिमीचं, हेक्स समोरासमोरच्या बाजूंत बारा मिमीचा. म्हणजे प्रत्येक बाजूला अर्धा मिमी भिंत उरते. ती टिकत नाही. मग बेअरिंग हेक्सच्या मागे, जाड गोल भागात घ्यावं लागतं. दोन बेअरिंगची जाडीच आठ मिमी, त्यात मधला स्पेसर. चाक दहा-बारा मिमी बाहेर जातं. शिवाय अ‍ॅक्सलचा नट हबच्या आत राहतो, त्यामुळे चाक आवळायला वेगळा स्टड काढावा लागतो. करता येतं, कोल्हापुरात तर नक्कीच करता येतं, पण एवढं करून हाती येते ती पुढून पसरलेली, वळताना फरपटणारी गाडी. हॉर्नेटसाठी पुढची चाकं रीइश्यूचीच घ्या, यात मला जराही शंका नाही.

टायर

इथे तुलना लवकर संपते. सीलबंद पाकिटातला चाळीस वर्षांपूर्वीचा टायर पळवायला घेऊ नका. रबर वापरलं नाही तरी हवेतल्या ऑक्सिजननं आणि ओझोननं म्हातारं होतं, कडक होतं, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. काचेच्या कपाटात ठेवायच्या गाडीला तो शोभतो, आणि तेवढ्यासाठी घेत असाल तर आनंदानं घ्या.

टीपीयूचे (लवचिक प्लॅस्टिकचे) थ्रीडी प्रिंट केलेले टायर स्वस्तात होतात, मात्र पकड कमी, उडी जास्त. रबराचा टायर इथे ओतून घ्यायचा तर डाय म्हणजे साचा लागतो आणि चार टायरसाठी डायचा खर्च कोणालाच परवडणार नाही. उरतात रीइश्यूचे टायर आणि आजचे टायर.

आजचे निवडताना व्यास मोजा. समजा तुमचा मागचा मूळ टायर ८५ मिमी आहे आणि तुम्ही टूरिंग कारचा ६४ मिमीचा लावला. एका फेरीत गाडी २६७ मिमीऐवजी २०१ मिमी पुढे जाईल, म्हणजे वेग पाव हिश्शानं कमी. पोट जमिनीच्या साडेदहा मिमी जवळ येईल ते वेगळंच. शेंडा पार्कच्या माळावर किंवा उसाच्या फडाकडेच्या गाडीवाटेवर एवढ्या उंचीत गाडी दगडावरच बसते. उलट मोठा टायर लावला तर मोटरवर भार येतो, आणि ३८० मोटरची ग्रासहॉपर दहा मिनिटांत हात लावू देत नाही एवढी तापते. व्यास मूळच्या तीन-चार मिमी इकडे-तिकडे असला तर चालतं. त्यापेक्षा जास्त फरक असेल तर पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं गिअर, बदलायची तयारी ठेवा.

सँड स्कॉर्चरच्या मागच्या चाकाची रिम तुकड्यांची, स्क्रूनं आवळायची, तिथे गोंद लागत नाही. बहुतेक टूरिंग टायर सुपरग्लूनं चिकटवावे लागतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत रिम आणि टायरची कड आधी स्पिरिटनं पुसून पूर्ण सुकवा, नाहीतर पहिल्याच वळणावर टायर रिममधून सुटतो.

चेसिस: कोणत्या जातीची आहे ते बघा

चेसिसच्या बाबतीत कंपनीपेक्षा घडण महत्त्वाची. सँड स्कॉर्चरची चेसिस म्हणजे फायबरग्लासची सपाट पाटी. क्योशोची स्कॉर्पियन (१९८२) आणि ऑप्टिमा (१९८५) अ‍ॅल्युमिनियमच्या शिडीसारख्या चौकटीवर उभ्या. आरसी-१० चा टब सोनेरी अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. हॉर्नेट आणि ग्रासहॉपर मात्र एबीएस प्लॅस्टिकच्या एकसंध टबच्या.

पाटी किंवा चौकट असेल तर तुम्ही योग्य शहरात आहात. जुनी पाटी काढून नेली की तीच जिग, म्हणजे भोकं उतरवायचा नमुना. त्याच जाडीच्या ग्लास-इपॉक्सी शीटवर भोकं उतरवून सीएनसीवर पाटी कापून घेता येते, आणि ती मूळ पाटीइतकीच मजबूत होते. अ‍ॅल्युमिनियमची चौकट वाकली असेल तर नवी करण्याआधी सरळ करून बघा. कापल्यावर फायबरच्या कडांना सुपरग्लू लावा म्हणजे थर सुटत नाहीत, आणि घासताना तोंडाला मास्क हवाच.

एबीएसचा टब असेल तर लेथचा उपयोग नाही. रीइश्यूचा टब, नाहीतर दुरुस्ती. थ्रीडी प्रिंटचा विचार बरेच जण करतात. हॉर्नेटचा टब साध्या २२० मिमी बेडवर सपाट बसत नाही, दोन तुकडे करून जोडावा लागतो आणि जोड येतो नेमका ताणाच्या जागी. पीएलए हे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या चारचाकीच्या डिकीत ठेवलात तर टब वाकलेला मिळेल.

टब बदलण्याआधी दुरुस्तीला एक संधी द्या. तडा जिथे संपतो तिथे दीड मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकायचा थांबतो. एबीएसचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून घट्ट लापशी करा, तड्यात भरा, आतून फायबरच्या जाळीची पट्टी त्याच लापशीत बुडवून लावा. निदान दोन दिवस हात लावू नका. अ‍ॅसिटोन एबीएसला विरघळवतं म्हणून हा सांधा नुसता चिकटत नाही, एकजीव होतो. नायलॉनच्या आर्मवर हा उपाय चालत नाही, तिथे पार्ट बदलायचाच.

आणि जुन्या टबमध्ये स्क्रू परत बसवताना थेट आवळू नका. आधी उलटा फिरवा. एका जागी हलकासा ‘टक्’ जाणवतो, तिथे तो जुन्या आट्यात बसलेला असतो. मग सुलटा फिरवा. स्क्रू बसायचे चाळीस वर्षांचे प्लॅस्टिकचे खांब यामुळेच वाचतात.

रीइश्यू म्हणजे प्रत्येक पार्ट हुबेहूब असंही धरू नका. फ्रॉगच्या १९८३ च्या गिअरबॉक्समधले षटकोनी टोकांचे शाफ्ट झिजायचे, रीइश्यूमध्ये त्याऐवजी डॉगबोन (दोन्ही टोकांना पिन असलेले शाफ्ट) आले. अर्धं जुनं, अर्धं नवं जोडायला जाऊ नका, तो भाग पूर्ण बदला.

सुटे पार्ट की अख्खा किट?

भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आली तेव्हा स्वस्त चिनी अ‍ॅडाप्टरची सोपी वाटही बंद झाली. त्यामुळे परदेशातून एक-एक पार्ट मागवत बसलात तर दर पार्सलला टपाल आणि कर भरत राहाल. टायर, चाकं आणि टब या तिन्हींची गरज असेल तर पुण्या-मुंबईच्या हॉबी दुकानात अख्ख्या रीइश्यू किटची चौकशी आधी करा. तीन वस्तूंच्या बेरजेत किट बऱ्याचदा जवळपास येऊन बसतो, आणि गिअर, शॉक, नवं बॉडी शेल हातात उरतं. फक्त टायर हवे असतील तर किट घेणं म्हणजे उधळपट्टी.

तुमचं मॉडेल कधीच पुन्हा निघालं नसेल तर क्रम उलटा करा. आधी टब किंवा पाटी दुरुस्त करून घ्या, मग पुढच्या चाकांची जुनी जोडी शोधा, कारण लेथवर सर्वात अवघड तीच. मागच्या चाकांना उद्यमनगरातून हेक्स अ‍ॅडाप्टर, त्यावर मूळ व्यासाजवळचे आजचे टायर. जुनी चाकं विकत घेताना विकणाऱ्याकडून चाकाच्या पाठीचा, व्हर्नियर लावलेला फोटो मागा. तो पाठवायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका.