वेंगुर्ल्याजवळचे काजूगर: माल एक नंबर, आणि भाव जरा जास्त का ते पण वाचा

वेंगुर्ला-शिरोडा रस्त्यावर एक छोटा काजू कारखाना आहे, पुढे दुकान आणि मागे शेड. सीझनला आधीच माल पुरत नाही म्हणून मालक काकांनी नाव टाकू नको सांगितलंय, म्हणून नाव देत नाही, पण लिहायचं तर नक्कीच होतं.

आधी मालाबद्दल. मी २४० नंबर घेतला ९५० रुपये किलोने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नंबर म्हणजे एका पौंडात म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये जास्तीत जास्त किती गर बसतात ते, म्हणून नंबर जितका लहान तितका गर मोठा आणि महाग, ३२० म्हणजे बारका. गर पांढरा, कुठे काळा डाग नाही, खवट तर एकही निघाला नाही. सालीसकट भाजलेले खारे काजू तर घ्याच, घरी पोचेपर्यंत अर्धं पाकीट संपतं. पाकळी (अर्धा गर) आणि कणी (तुकडा) वेगळी मिळते, शिऱ्याला, वाटणाला तीच घ्या, उगाच अख्ख्या गराचे पैसे कशाला घालवायचे. बी सगळी आसपासच्या गावातली, आफ्रिकेतून आलेली बी फोडून 'कोकणचा काजू' म्हणून विकणारे पण आहेत, इथे तसं नाही.

आता भाव. हाच नंबर बाजारात ६०-७० रुपयांनी स्वस्त मिळतो. मी काकांना सरळ विचारलं की तुमचा महाग का, तर ते म्हणाले चल मागे दाखवतो.

मागे बायका बसलेल्या. बी वाफवून झाली की एकेक बी कटरमध्ये धरायची, पायाने दाबायचं, हाताने दांडा ओढायचा, टरफल फुटतं आणि आतलं तेल उडतं. ते तेल कातडी जाळतं, ज्या घरात कोणी काजू फोडलाय त्यांना हे सांगायला नको. इथे हातमोजे होते आणि जोडीला खोबरेल तेल. मग गर ड्रायरमध्ये, मग सुरीने साल काढायची, ती पण एकेका गराची. मजुरी किती ते फळ्यावर खडूने लिहिलेलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि पावसात काम कमी असलं तरी ठरलेली रक्कम मिळते. एक काकी म्हणाल्या, "हयसर हिशोब मागूक लागना नाय गे, फळ्यारच असता."

काका म्हणाले, "खावनपिवन सुखी आसंय, पन ह्या धंद्यात करोड होवचे नाय, बायकांचे पैशे मारल्याशिवाय."

हे वाक्य डोक्यात राहिलंय, कारण आपल्याकडे कोणी श्रीमंत झाला की एक गट म्हणतो चोरीच केली असणार आणि दुसरा म्हणतो हुशारी आहे, जळू नका. मला वाटतं धंदा कुठला ते बघायला पाहिजे. इन्फोसिस १९८१ मध्ये १०,००० रुपयांवर सुरू झाली, पुढे नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर दिले आणि मालकांबरोबर बरेच कर्मचारी पण श्रीमंत झाले. सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की हजार गिऱ्हाईकांना विकता येतं, दर गिऱ्हाईकामागे नवीन हात लागत नाहीत. काजूचं तसं नाही. चार किलो बीला साधारण एक किलो गर, आणि त्यातला प्रत्येक गर कोणाच्या ना कोणाच्या बोटांतून जातो. कटिंगची मशीन आल्यात, पण मशीनवर तुकडा जास्त पडतो आणि अख्खा गर पाहिजे तर हात लागतातच. मग अशा धंद्यात एकाच माणसाकडे अफाट पैसा जमला तर तो त्या शेकडो हातांतून थोडा थोडा कापूनच जमलेला असतो, मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही. काही ठिकाणी २० माणसं झाली की पीएफ लागतो म्हणून रजिस्टरवर १८-१९च दाखवतात, ही कापाकापीच झाली ना.

मालकाची जोखीम मला मान्य आहे. मार्च ते मे मध्ये वर्षभराची बी घेऊन ठेवायची, बँकेचं व्याज चालूच, अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो. त्याचा मोबदला काकांना मिळालाच पाहिजे आणि मिळतोय पण, गाडी आहे, मुलं पुण्यात शिकतायत. पण जोखमीचा मोबदला वेगळा आणि सात पिढ्यांची सोय वेगळी.

आणि हाताचा धंदा मोठा होतच नाही असंही नाही. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, आज ४५,००० च्या आसपास बायका आहेत आणि उलाढाल १,६०० कोटींच्या वर गेलेली. पण तिथे काम करणारी प्रत्येक जण मालकीण आहे, त्यामुळे त्यातून एकही अब्जाधीश निघाला नाही. धंदा प्रचंड वाढला, पैसा मात्र वाटला गेला. काजूत असं कोणी केलं तर मी पहिली शेअर घेईन.

तक्रारी पण सांगते. पॅकिंग साधं आहे, कुरिअरने मागवलं तर वरचे गर तुटून येतात, डबल पिशवी मागून घ्या. गुगल पे कधी चालतं कधी नाही, रेंजचा प्रॉब्लेम, कॅश ठेवा. ओले काजूगर उसळीला हवे असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्येच फोन करा, तेव्हाच मिळतात आणि सकाळीच संपतात. गणपतीला पाठवायचे असतील तर ऑर्डर श्रावण लागायच्या आधी द्या.

पाच पैकी साडेचार, अर्धा पॅकिंगचा कापला. भावाचा नाही कापला.