फ्रेंच भूतकाळाचा ऑनलाइन कोर्स: एत्र छान शिकवलंय, आव्वारचा शेवट घाईत उरकलाय

पासे कोंपोझे, म्हणजे फ्रेंचमधला रोजच्या बोलण्यातला भूतकाळ, त्यावरचा हा रेकॉर्डेड कोर्स नुकताच संपवला. वर्तमानकाळ पक्का असेल तर बिनधास्त घ्या, पण आव्वार (जवळ असणं) आणि एत्र (असणं) या दोन सहाय्यक क्रियापदांची रूपं अजून आठवावी लागत असतील तर आधी ती घोटा कारण पुढचं सगळं त्यांच्याच जिवावर चालतं.

सगळ्यात आवडलं ते एत्रचं प्रकरण. सगळीकडे सांगतात की जाण्यायेण्याची क्रियापदं एत्र घेतात, यादी पाठ करा, विषय संपला. अरे मग चालणं म्हणजे मार्शे आणि धावणं म्हणजे कुरीर, ही दोन्ही आव्वार का घेतात, आणि रेस्ते म्हणजे जागच्या जागी राहणं, त्याला एत्र कसं? इथे सरळ सांगितलंय की हा नियम ढोबळ आहे, आणि मग सोर्तीर म्हणजे बाहेर पडणं, ते घेऊन खरी गंमत दाखवलीये. झ स्वी सोर्ती, मी बाहेर पडलो. झे सोर्ती ल शियँ, मी कुत्र्याला बाहेर नेलं. कर्म आलं की एत्र जातं आणि आव्वार येतं, मोंते (चढणं), देसांद्र (उतरणं), पासे (जवळून जाणं) यांचंही तेच. यावरचा सराव भरपूर आहे आणि खरंच चांगला आहे, मिसळून वाक्यं दिलीयेत त्यामुळे अंदाजपंचे उत्तर देता येत नाही.

नकाराचा धडा छोटा आणि ठीक, झ ने पा मांझे, म्हणजे मी खाल्लं नाही, न आणि पा सहाय्यक क्रियापदाच्या दोन बाजूंना, झालं.

नाराजी आहे ती लिंगवचनाच्या धड्यावर. एत्र असेल तर क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, आव्वार असेल आणि कर्म आधी आलं असेल तर कर्माप्रमाणे, एवढं सांगून अपवाद म्हणून गुंडाळलंय. आपल्याला तर हे जन्मापासून येतं! ती गेली इथे कर्त्याप्रमाणे, त्याने निबंध लिहिला पण चिठ्ठी लिहिली इथे कर्माप्रमाणे. फ्रेंचमधे एवढीच जास्तीची अट की कर्म क्रियापदाच्या आधी यायला हवं, म्हणून इल आ एक्री ला लेत्र (त्याने चिठ्ठी लिहिली) पण ला लेत्र किल आ एक्रीत (त्याने लिहिलेली चिठ्ठी), शेवटचा त ऐकू येतो बघा. असं एक उदाहरण कानावर पडलं असतं तर नियम डोक्यात बसला असता, पण इथे सगळी उदाहरणं फ्रेंच आले (म्हणजे गेला, गेली) सारखी, जिथे पुल्लिंग स्त्रीलिंग उच्चार सारखाच आणि फरक फक्त लिहिताना.

एल से लावे (तिने स्वतःला धुतलं) आणि एल से लावे ले मँ (तिने हात धुतले) यातला फरकही राहिलाय, पहिल्यात स्त्रीलिंगाचं अक्षर लागतं, दुसऱ्यात हात हे कर्म नंतर येतं म्हणून लागत नाही. परीक्षेला बसणार असाल तर एवढा भाग दुसरीकडून करा, बाकी एत्र आणि आव्वार निवडायला शिकण्यासाठी कोर्स घ्याच.