आयपीसमधल्या पट्टीने मुंग्यांच्या जवळच्या प्रजाती ओळखणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने वापरात असलेली मांडणी अशी आहे. झूमचा स्टिरिओ मायक्रोस्कोप, त्याच्या खाली २ पट जोडभिंग, उजव्या आयपीसमध्ये १० मिलिमीटरचे १०० भाग केलेली काचपट्टी, नमुन्याची पिन तिन्ही दिशांना फिरवता येईल असं पिनधारक, १ मिलिमीटरचे १०० भाग असलेलं स्टेज मायक्रोमीटर, आणि आकडे भरायला साधी स्प्रेडशीट. भिंगाखाली एकसारख्या दिसणाऱ्या मुंग्या मापांवरून वेगळ्या करणं एवढंच काम हिच्याकडून करून घेतलं.

आधी निकाल सांगतो. वारुळातून किमान ५ कामकरी मुंग्या मोजल्या तर पद्धत भरवशाची आहे. एकट्या मुंगीवरून नाव ठरवायला बसलात तर ती फसवते. आणि आकडा चुकला की कारण बहुतेक वेळा मुंगी तिरकी बसलेली असते.

इतका खटाटोप का, तर लॅसियस नायगर आणि लॅसियस प्लॅटीथोरॅक्स ही जोडी घ्या. युरोपात या दोन्ही मुंग्या कितीतरी काळ एकाच नावाखाली गोळा होत राहिल्या. १९९१ साली मुंग्यांचे जर्मन अभ्यासक बर्नहार्ड झायफर्ट यांनी प्लॅटीथोरॅक्स वेगळी केली. नायगर उघड्या जागा, बागा, रस्त्याकडेची. प्लॅटीथोरॅक्स जंगलातली, कुजक्या लाकडातली. टेट्रामोरियम सीस्पिटमच्या गटाचं तर आणखी अवघड: २०१७ साली त्या गटाची उकल झाली तेव्हा युरोपातल्या १० प्रजाती निघाल्या, आणि उत्तर अमेरिकेतल्या फुटपाथवरच्या मुंगीला टेट्रामोरियम इमिग्रन्स हे नाव पक्कं झालं. रंग, चमक किंवा 'जरा मोठी दिसते' यावर ही कामं होत नाहीत.

पट्टीचं कॅलिब्रेशन

झूम ४ पटीवर आणि जोडभिंग २ पट, म्हणजे एकूण ८ पट. पट्टीचा एक भाग ०.१ मिलिमीटर, म्हणून नमुन्यावर एक भाग १२.५ मायक्रॉनचा यायला हवा आणि स्टेज मायक्रोमीटरचा १ मिलिमीटर बरोबर ८० भागांत बसायला हवा. प्रत्यक्षात ७९ भरले तर एक भाग १२.६६ मायक्रॉनचा झाला. हा सव्वा टक्क्याचा फरक आहे, आणि जवळच्या प्रजातींमध्ये कधी कधी सगळा फरकच तेवढा असतो. म्हणून झूमच्या बटणावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, स्टेज मायक्रोमीटरची काच ठेवून मोजा.

झूमला ठाम खटका नसेल तर तो जागच्या जागी थोडा सरकतो. बटण दर वेळी एकाच बाजूने फिरवत आणून थांबवा आणि बैठकीच्या सुरुवातीला व शेवटी काच तपासा. आयपीसची डायऑप्टर कडी आधी पट्टीच्या रेषा धारदार दिसतील अशी लावायची, मग नमुना फोकस करायचा. उलट क्रमाने केलं तर रेषा धूसर राहतात आणि एका भागाच्या पाचव्या हिश्श्याचा अंदाज, म्हणजे अडीच मायक्रॉन, येत नाही.

जोडभिंगाचा तोटाही आहे. भिंग आणि नमुन्यातलं अंतर जवळपास निम्मं होतं, त्यामुळे दिवा बाजूने घालायला जागा उरत नाही. गोल एलईडीचा उजेड चकचकीत डोक्यावर थेट पडला तर कड नेमकी कुठे संपते तेच कळत नाही. दिवा आणि मुंगी यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपरची नळी उभी केली की चमक मरते. पार्श्वभूमी मध्यम करडी ठेवा. लख्ख पांढऱ्यावर काळी मुंगी डोळ्याला किंचित बारीक दिसते.

डोकं सरळ बसवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. समोरून पाहताना डोकं पुढे-मागे ५ अंश कललं तर लांबी ०.४ टक्के कमी दिसते. १० अंशांना दीड टक्का, १५ अंशांना जवळजवळ साडेतीन. डोळ्याला १० अंशांचा कल सहज कळत नाही, आकड्याला मात्र कळतो.

एक डोकं बसवताना काय दिसतं ते सांगतो. सुरुवातीला क्लिपियसची, म्हणजे जबड्यांच्या वरच्या पट्टीची, पुढची कड धारदार असते आणि डोक्याची मागची कड धुरकट. पिनधारकाचा आडवा आस केसभर फिरवला की मागची कड वर येते. मग पुढची निसटते. असं दोन-तीन वेळा झालं की एक जागा सापडते जिथे फोकसचं चाक न हलवता दोन्ही कडा एकदम स्पष्ट दिसतात. तिथे लांबी वाचायची. मग मुद्दाम थोडं पुढे कलवून वाचायची, थोडं मागे कलवून वाचायची. तिन्हींतली सर्वांत मोठी तीच खरी, कारण तिरकेपणा लांबी कमीच करतो, वाढवत कधीच नाही. मायक्रोस्कोपला डायफ्रॅम, म्हणजे भिंगाचं छिद्र लहान-मोठं करणारी झडप, असेल तर या वेळी पूर्ण उघडा ठेवा. तो बंद केला की सगळंच धारदार दिसतं आणि कल लपतो.

दुसरी चूक मायक्रोस्कोपच्या रचनेतच आहे. स्टिरिओमध्ये प्रत्येक डोळा नमुन्याकडे साधारण ५-६ अंश बाजूने बघतो. मोजायच्या अंतराचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १०० मायक्रॉन वर असेल, तर एका आयपीसमधून ते डावी-उजवीकडे सुमारे १० मायक्रॉन सरकलेलं दिसतं. उपाय सोपा आहे आणि फुकट आहे: नमुना फिरवून मोजायची रेषा दृश्यक्षेत्रात नेहमी उभी, म्हणजे वर-खाली, ठेवायची. मग ही सरक आडवी जाते आणि मापात शिरत नाही. पट्टी आडवी ठेवून आरामात मोजायची सवय लागलेली असेल तर आधी ती मोडा.

स्केपला, म्हणजे शृंगिकेच्या पहिल्या लांब सांध्याला, हे दोन्ही धोके एकदम लागू होतात. ९५० मायक्रॉनच्या स्केपचं टोक मुळापेक्षा २०० मायक्रॉन वर उचललेलं असेल तर तो ९२९ दिसतो. प्रजाती बदलायला तेवढं पुरतं. त्यामुळे स्केपसाठी नमुना वेगळा बसवायचा, डोक्याच्या मापांसोबत एकाच स्थितीत उरकायचं नाही.

कुठून कुठपर्यंत

मापांची नावं सगळीकडे सारखी आहेत, व्याख्या नाहीत. डोक्याची रुंदी काही शोधनिबंधांत डोळ्यांसकट असते, काहींत डोळ्यांच्या मागे. मागची कड आत वळलेली असेल तर कुणी लांबी त्या खोलगट मध्यापर्यंत घेतात, कुणी दोन कोपरे जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपर्यंत. स्केपच्या मुळाशी असलेली वाटोळी गाठ वगळायची असते. ती चुकून धरली तर प्रत्येक मुंगीचा स्केप लांब होतो. चूक एकसारखी असल्यामुळे आपल्या स्वतःच्या आकड्यांत ती कधीच उघडी पडत नाही, दुसऱ्याच्या तक्त्याशी ताडतानाच अंगावर येते. जो तक्ता किंवा सूत्र वापरणार असाल त्याची व्याख्या आधी वाचा आणि वहीच्या पहिल्या पानावर आकृती काढून ठेवा.

छातीच्या भागाची तिरपी लांबी, जिला वेबर लांबी म्हणतात, चांगली टिकते. प्रोपोडिअमवरच्या, म्हणजे छातीच्या मागच्या टोकावरच्या, काट्यांची लांबी त्रास देते, कारण काटा नेमका कुठे सुरू होतो यावर एकाच माणसाचं दोन दिवसांत एकमत होत नाही. पोटाची लांबी मोजूच नका. पोटाचे भाग दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकात एक सरकतात आणि पोटभर खाल्लेली मुंगी वेगळीच भरते.

केसांची मापं मात्र सोडू नका. नायगर आणि प्लॅटीथोरॅक्समध्ये क्लिपियसवरची बारीक लव फार कामाची: प्लॅटीथोरॅक्समध्ये ती स्पष्ट विरळ असते. ठरावीक रेषेला किती केस छेदतात ते मोजायचं आणि रेषेच्या लांबीला त्या संख्येने भागायचं. झिजलेल्या किंवा डिंक लागलेल्या नमुन्यावर ही मोजणी करू नये. डिंकाची गोष्ट निघालीच आहे तर: पाण्यात विरघळणारा पांढरा डिंक, कार्डाच्या त्रिकोणी टोकावर अगदी बारीक थेंब, मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळांमध्ये. थेंब मोठा झाला की पेटिओल, म्हणजे छाती आणि पोट जोडणारी गाठ, बुडतो आणि त्याची रुंदी गेली.

हात किती स्थिर आहे ते मोजणं

२० मुंग्या मोजा, आकडे झाकून ठेवा, आठवड्याने त्याच मुंग्या पिनधारकातून काढून, पुन्हा बसवून मोजा. नुसतं पुन्हा वाचलं तर बसवण्यातली चूक पकडली जात नाही. प्रत्येक मुंगीच्या दोन वाचनांतला फरक वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, मुंग्यांच्या दुप्पट संख्येने भागा, वर्गमूळ काढा. दर मुंगीमागे ८ मायक्रॉनचा फरक येत असेल तर उत्तर ५.७ मायक्रॉन, ९६० मायक्रॉनच्या डोक्यावर ०.६ टक्के. तिथपर्यंत ठीक. एक टक्क्याच्या वर गेलं तर प्रजातींच्या नावाला हात लावू नये, पुन्हा बसवायच्या सरावाकडे जावं.

गुणोत्तरांत चुका एकमेकींवर चढतात हे विसरलं जातं. डोक्याची रुंदी ९६०, स्केप ९५०: स्केप निर्देशांक, म्हणजे स्केप भागिले रुंदी गुणिले १००, आला ९९. रुंदी १० मायक्रॉन जास्त वाचली आणि स्केप १० कमी, तर तोच ९७ होतो. दोन्ही चुका एक टक्क्याच्या आसपास, निर्देशांक मात्र दोन अंकांनी घसरला.

आकार आणि प्रमाण

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. एकाच प्रजातीत मोठ्या कामकरी मुंगीचं प्रमाण लहानीसारखं राहत नाही. बऱ्याच मुंग्यांमध्ये डोकं वाढलं की स्केप त्या मानाने आखूड होतो. मग दोन वारुळांच्या निर्देशांकांत फरक दिसतो आणि तो प्रजातीचा वाटतो, प्रत्यक्षात एका वारुळातल्या मुंग्या फक्त थोराड असतात. यावर झायफर्ट यांनी २००८ साली मांडलेली सुधारणा वापरावी: डोक्याची लांबी आणि रुंदी यांची सरासरी हा आकार धरायचा, प्रत्येक माप या आकाराबरोबर कसं बदलतं याचा उतार काढायचा, आणि सगळ्या मुंग्या एकाच आकाराच्या असत्या तर माप किती आलं असतं ते मांडायचं. स्प्रेडशीटमध्ये हे जमतं. कॅम्पोनोटससारख्या, लहान-मोठ्या कामकऱ्यांत प्रचंड फरक असलेल्या मुंग्यांत मात्र ही सुधारणा ताणू नका. तिथे मोठ्या डोक्याच्या मुंग्या वेगळ्या काढून तुलना करणं बरं.

काही मुंग्या आधीच बाजूला काढायच्या. नव्या राणीच्या पहिल्या खेपेच्या कामकरी खुज्या असतात, प्रमाणं वेगळी. नुकत्याच कोशातून निघालेल्या फिक्या मुंग्यांचं डोकं वाळताना चेपतं. आणि सूत्रकृमींनी ग्रासलेल्या मुंगीचं पोट फुगलेलं आणि डोकं बदललेलं असू शकतं; अशी एक जरी सरासरीत शिरली तरी वारूळ भलत्या बाजूला जातं.

निर्णय

दोन मापांचा आलेख काढला की बहुधा दोन ढग दिसतात आणि मधे गर्दी. गर्दी सोडवायला डिस्क्रिमिनंट फंक्शन लागतं: प्रत्येक मापाला वजन देऊन एकच आकडा. मोह असा होतो की १५ मापं टाकावीत. लहान गटात मापांच्या संख्येच्या किमान तिप्पट नमुने असावेत हे आम्ही कटाक्षाने पाळतो, नाहीतर सूत्र नमुने पाठ करतं. तपासणीसाठी एकेक नमुना बाहेर ठेवून उरलेल्यांवर सूत्र बांधायचं आणि बाहेरचा कुठे पडतो ते बघायचं. वारुळाचा विचार असेल तर सगळं वारूळच बाहेर ठेवायचं, कारण बहिणी एकमेकींना खोटा आधार देतात.

५ मुंग्यांची सरासरी घेतली की इकडे-तिकडे होणारी चूक निम्म्याहून कमी होते, आणि एकेकटीच्या पातळीवर मिसळलेले ढग वारुळाच्या पातळीवर सुटे होतात. तरीही मधेच पडणारी वारुळं राहतात. टेम्नोथोरॅक्स नायलँडेरी आणि टेम्नोथोरॅक्स क्रॅसिस्पायनस यांचा जर्मनीत एक अरुंद सीमापट्टा आहे, तिथे संकर होतात. अशा ठिकाणच्या मधल्या आकड्याला जबरदस्तीने नाव देऊ नये. 'अनिर्णित' लिहावं आणि डीएनएसाठी २ मुंग्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये आधीच राखून ठेवलेल्या असाव्यात.

फोटोवरून मोजता येतं का, असं खूप जण विचारतात. इमेजजे या फोटोवरून मापं घेणाऱ्या संगणकप्रणालीत मोजणं सोयीचं आहे, नोंद राहते, दुसऱ्याला तपासता येते. पण फोटो काढताना डोकं कललेलं असेल तर ते नंतर सरळ करता येत नाही, आणि वेगवेगळ्या फोकसचे थर जोडून केलेल्या फोटोत सगळंच धारदार असल्याने कल दिसतही नाही. अँटवेब या मुंग्यांच्या संकेतस्थळावरचे फोटो ओळख पटवायला उत्तम. त्यांच्या स्केलबारवरून काढलेले आकडे आपल्या तक्त्यात मिसळू नयेत.

वेळेचा हिशोब: ८ मापं आणि केसांची मोजणी धरून एका मुंगीला २० मिनिटं, त्यातली १२ नुसती बसवण्यात. सलग दीड तासाच्या पुढे डोळे थकतात आणि वाचनं पट्टीच्या पूर्ण रेषांकडे ओढली जातात. ४०, ४५, ५० असे गोल आकडे वहीत वाढायला लागले की उठावं. दोन संशयित प्रजातींचे नमुने आलटूनपालटून, चिठ्ठ्या उलट्या ठेवून मोजावेत. प्रत्येक ओळीत मापासोबत झूमची पट, त्या दिवशीचा एका भागाचा मायक्रॉनमधला आकडा आणि मोजणाऱ्याची खूण लिहावी. कॅलिब्रेशन चुकल्याचं दोन महिन्यांनी लक्षात आलं, तर पट्टीच्या भागांतले मूळ आकडे असले की दुरुस्ती एका गुणाकारात होते. फक्त मायक्रॉन लिहिले असतील तर सगळ्या मुंग्या पुन्हा बसवाव्या लागतात.