गरम इंजिन दाखवलं आणि ६८,००० रुपये घेतले

आमची पिकअप २०१३ ची. बोलेरो, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. बारा वर्षं तिच्यातून ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलून अंधेरी-वेसाव्यात पोचवतोय. ज्यांच्याकडे मासळीची गाडी आहे त्यांना माहीत आहे, बर्फाचं खारट पाणी रोज हौद्यातून चेसीवर टपकत असेल तर पत्र्याचं काय होतं. चार वर्षांत फ्लोअर चाळणीसारखा होतो.

मी ती गाडी हाताने जगवली आहे. फ्लोअरला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून रिव्हेट मारले, कडेने एम-सील दाबलं. सायलेन्सरला भोक पडलं तेव्हा पत्र्याची पट्टी गुंडाळून दोन क्लिपा आवळल्या, आठ महिने चाललं. रेडिएटर गळायला लागला तेव्हा दोन चमचे हळद टाकून धक्क्यावरून घर गाठलं आहे. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल तुटलं, तिथे जाळ्याची नायलॉन दोरी आहे. दरवर्षी मे महिन्यात चेसीला रेड ऑक्साइड आणि वर जळकं ऑइल. हे सांगायचं कारण एवढंच की "तुम्हाला गाडीतलं काही कळत नसेल म्हणून फसलात" असं मला गेल्या दोन महिन्यांत किमान दहा जणांनी ऐकवलं. मला कळतं. कळत असूनही फसलो, म्हणून जास्त जळतंय. आणि म्हणूनच लिहितोय, कारण ज्यांना कळतं तेच आपल्या कानावर आणि हातावर नको तितका विश्वास ठेवतात.

गेल्या वर्षीपासून इंजिन ऑइल पीत होतं. चारशे किलोमीटरला लिटरभर. सकाळी निळा धूर, चढाला दम नाही. गॅरेजवाल्याने इंजिन बांधायचे ९२,००० सांगितले. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम, सगळं धरून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाच हे काम निघू शकतं. पण त्याच दोन महिन्यांत घरात पैसा येत नाही. ज्याचं पोट मासळीच्या धंद्यावर अवलंबून आहे त्यालाच हा हिशेब कळेल.

मग एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने नंबर दिला. कुर्ल्याकडे जुन्या स्पेअर पार्ट्सच्या गल्ल्या आहेत, तिथलं दुकान. (सगळे दुकानदार तसे नाहीत. माझा गिअर बॉक्स सहा वर्षांपूर्वी त्याच गल्लीतून आणलाय, अजून चालतोय. पोरांनो, माणूस बघा, गल्लीवर राग काढू नका.) फोनवर मराठी बोलणारा, गोड माणूस. "दादा, तुमच्याच मॉडेलचं फुल इंजिन आहे. ॲक्सिडेंटच्या गाडीतलं, साठ हजार चाललेलं. ८०,०००. तुमचं जुनं द्या, त्याचे १२,००० पकडतो. ६८,००० द्या." गाव विचारलं, श्रीवर्धनकडचा निघाला. मलाही वाटलं, आपल्याकडचा माणूस. गाव सांगून कोणी इंजिन विकायला लागला तर तिथूनच सावध व्हा.

१९ जुलै, शनिवार. "अकराच्या आधी येऊ नका, दादा, दुकान उघडत नाही," असं त्याने तीनदा बजावलं होतं. मी अकराला गेलो. इंजिन लोखंडी स्टँडवर बांधून ठेवलेलं, रेडिएटरऐवजी बादलीत नळी, पोराने बॅटरीची वायर लावली, पहिल्याच सेल्फला चालू. आवाज अगदी गोल. धूर नाही. मी हेडवर हात ठेवला.

हेड गरम होतं.

माझं आयुष्य गाड्यांत गेलंय. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, किती धूर टाकतं, त्यावरच त्याची तब्येत कळते. गरम इंजिन कुठलंही चालू होतं. म्हणून तर अकराच्या आधी येऊ नका. मी विचारलं, "गरम का आहे?" तो म्हणाला, "आत्ताच एका गिऱ्हाइकाला दाखवलं. त्याला ७५ ला पाहिजे होतं, मी म्हटलं दादा येतायत, शब्द दिलाय." आणि मी गप्प बसलो. दोन तास थांबतो, थंड होऊ दे, मग सुरू कर, एवढंच म्हणायचं होतं. चहा आला, तो प्यायलो.

दुसरी गोष्ट. मी ऑइलचं झाकण उघडायला हात नेला. चालू इंजिनचं झाकण उघडून तिथे हात धरला की बॅक मारतंय, म्हणजे झिजलेल्या रिंगांतून हवा वर फेकतंय, की नाही ते समजतं, हे कुठल्याही गॅरेजच्या पोराला माहीत आहे. त्याने माझं मनगट धरलं. प्रेमाने. "दादा, गरम ऑइल उडेल, शर्ट खराब होईल." मी हात मागे घेतला. शर्टासाठी.

तिसरी गोष्ट आठवली की मला आजही रात्री झोप लागत नाही. डिपस्टिक मीच काढली. काठीच्या टोकाला ऑइलचा थेंब आला आणि तिथेच लोंबकळत राहिला. पडेचना. गरम इंजिनातलं ऑइल पाण्यासारखं पातळ असतं, टपकन पडतं. हा थेंब काकवीसारखा लांबत होता. मी त्याच्याकडे बघत होतो, बघितला, आणि मनात म्हटलं, नवीन ऑइल टाकलं असेल. नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतलं होतं त्याने. ते ओतलं की ढिल्या इंजिनाचा आवाज दबतो, धूरही काही काळ दबतो. हे मला माहीत होतं! मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलोय.

मग का घेतलं? कारण १ ऑगस्टला बोटी सुटणार होत्या. कारण ९२ आणि ६८ मध्ये चोवीस हजारांचा फरक होता आणि मुलाची फी भरायची होती. ज्याला गरज असते त्याचे डोळे उघडे असूनही बंद असतात. मी मूर्ख नाही, घाईत होतो.

१०,००० जीपेने आधीच टोकन म्हणून दिले होते. उरलेले ५८,००० रोख. त्यातले ४०,००० बायकोच्या भिशीचे. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर बारा हजार वर लागतील, दादा, टॅक्स. उगाच सरकारला कशाला देताय? एक महिन्याची गॅरंटी माझ्या जबानीवर." हा दोष माझा, मान्य. पण सांगा, या धंद्यात कोण बिलाने घेतं? आता सांगतो: घ्या. बारा हजार जाऊ देत. बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या.

टेम्पो २,२००. गॅरेजवाल्याची बसवण्याची मजुरी ९,५००. ऑइल, कूलंट, गॅस्केट, बेल्ट मिळून ६,३४०. गॅरेजवाल्याने जुनं ऑइल काढलं तेव्हा म्हणाला, "अहो, हे जाड आहे." मी म्हटलं, काढून टाका, नवीन भरा. त्यालाही पुढचं सांगायला मीच वेळ दिला नाही.

नवीन, योग्य ऑइल भरल्यावर दोन दिवसांत निळा धूर सुरू. मग खालून ठकठक. मी स्वतःला समजावत राहिलो, सेट होतंय. ९ ऑगस्टला पहाटे साडेचारला ससून डॉकवरून अकरा क्रेट भरून निघालो, बोंबील आणि कोळंबी. परळच्या आसपास आतून लोखंड लोखंडावर आपटल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जाम. उजाडलं, ऊन चढलं, बर्फ वितळला. दुसरा टेम्पो मिळेपर्यंत बोंबील गेले होते. १४,६०० ची मासळी. टोचन ३,५००.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खोलला. ऑइलमध्ये चांदीसारखी चमक, म्हणजे बेअरिंग संपलेलं. पिस्टन काढले तर तिसऱ्या बोअरमध्ये गंजाचे खड्डे, गोल रेघेत, रिंग जिथे थांबली होती तिथे. हे इंजिन पाण्यात बुडून महिनोन्‌महिने उभं होतं. वरवर पॉलिश पेपर मारून जोडलेलं. बारा वर्षं मी गंजाशीच भांडतोय, तो खड्डा बघून मला वाचता आला. ॲक्सिडेंटची गाडी नव्हती ती, पुराच्या पाण्यातली होती. मुंबईत दर पावसाळ्यात अशा गाड्या तयार होतात, ही इंजिनं कुठेतरी जातातच. जुनं इंजिन घेताना नोझल (आत डिझेल फवारतं ते) काढायला लावा, आत टॉर्च मारा. विकणारा नाही म्हणाला तर घरी या.

आणि नंबर. ब्लॉकवर इंजिन नंबरच्या जागी ताजा रंग होता. घासून बघितलं तर खाली कानशीचे ओरखडे. मूळ नंबर उडवलेला. माझं जुनं इंजिन, ज्याचा नंबर आरसी बुकावर आहे, ते मी १२,००० च्या नावाखाली त्याला देऊन बसलो होतो. जुनं इंजिन कधीही बदल्यात देऊ नका. गळतं असलं, फुटकं असलं, तरी घरात ठेवा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं आणि तिथे नंबर बघतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही. विमा कंपनीलाही एवढंच कारण पुरतं.

दुकानदाराने तीन फोन घेतले. पहिल्यात "बघतो", दुसऱ्यात "तुम्ही ओव्हरलोड केलं असेल", तिसऱ्यात "दादा, तोंड सांभाळून". चौथ्यापासून फोन बंद. दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, शेठ गावी गेलेत. माझं इंजिन? "ते तर त्याच दिवशी कापलं."

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात दोन तास बसवून सांगितलं, व्यवहार आमच्या हद्दीत झालेला नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर, तुम्ही राहता कुठे? मग तिथेच द्या. मी म्हटलं, साहेब, नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच इंजिन विकलंय. "वकील आहात का?" नंतर, "ही सिव्हिल मॅटर आहे." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, नंबर घासलेला ब्लॉक माझ्या गॅरेजमध्ये पडलाय, म्हणजे चोरीचा माल असू शकतो, आणि ही सिव्हिल मॅटर? फोटो दाखवले. "बिल कुठे आहे? रोख का दिले?" दर वेळी हाच प्रश्न. चौथ्या खेपेला एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून हातात कागद दिला. चार खेपा, म्हणजे चार दिवसांचा धंदा बुडाला, तो कुठे लिहू?

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, निदान १०,००० चा जीपेचा पुरावा होता म्हणून. तक्रार क्रमांक मिळाला. नंतर कळवलं, माल बघून स्वतः पैसे दिलेत, व्यवहारातला वाद आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला पहिल्या तासात फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी तीन आठवड्यांनी केला.

आरटीओत गेलो, नंबर बदलून लावायचा तर काय करावं विचारायला. खिडकी सातवरून तीनवर, तीनवरून दुसऱ्या मजल्यावर. शेवटी एकाने सांगितलं, आधी इंजिनाचं बिल आणि ते चोरीचं नसल्याचा पोलिसांचा दाखला आणा. दाखला मागायला ठाण्यात गेलो तर म्हणाले, नंबरच नाही तर कशाचा दाखला देऊ? मी तिथेच बाकावर बसून राहिलो. उठायची ताकद नव्हती.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, पहिल्या माणसाने सांगितलं, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही. हे ऐकून फोन ठेवू नका! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहक आहात. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. मला हे एका रिक्षावाल्याने सांगितलं, कुठल्या अधिकाऱ्याने नाही.

एकूण एक लाख चार हजार एकशे चाळीस. भिशीतल्या बायकांना बायकोने अजून सांगितलेलं नाही. "अहो, लोक विचारतील, हे तर स्वतः गाडी खोलतात ना?" असं ती म्हणाली तेव्हा मी ओट्यावरच्या हळदीच्या डब्याकडे बघत होतो.

गॅरेजवाल्याशी बोलणं झालंय, दुसरा ब्लॉक शोधतोय, बिलाने. तोवर मासळी भाड्याच्या टेम्पोतून. १५ तारखेला ठाण्यात पुन्हा बोलावलंय. या वेळी फोटो नेणार नाही. तो ब्लॉक टेम्पोत टाकून नेणार आहे आणि त्यांच्या दारात उतरवणार आहे, नंबर घासलेली बाजू वर करून.