आश्रम, शिबिर की दिंडी? घर दुरावलंय म्हणून निघणाऱ्यांसाठी

गेल्या महिन्यात वन्संचा फोन आला. "अगं, मी आता आश्रमात जाऊन राहायचं म्हणते." वन्सं एकसष्टीच्या, बँकेतून निवृत्त. ठाण्याच्या घरात त्या, यजमान, मुलगा, सून आणि आठवीतला नातू. भांडणतंटा काही नाही. "भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं," म्हणाल्या. रात्री पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवतात. जो तो आपापल्या वेळेला येतो, वाढून घेतो आणि ताट घेऊन खोलीत जातो. काल कोण जेवलं आणि कोण बाहेरून खाऊन आलं, हे त्यांना सकाळी डब्यात उरलेल्या पोळ्या मोजून कळतं.

त्यांनी चार ठिकाणं मनात धरली होती: पुद्दुचेरीजवळचं ऑरोविल, वर्ध्याजवळचं पवनार, इगतपुरीचं विपश्यना केंद्र आणि आषाढी वारीतली एखादी दिंडी. मी त्यात साताऱ्याकडच्या गोंदवल्याची, ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधिस्थानाची, भर घातली. इगतपुरीला मी दहा दिवस काढलेत, वारी तीनदा झाली, गोंदवल्याला माहेरासारखी जाते. पवनारला दोनदा गेले आणि ऑरोविलला चार दिवस पाहुणी होते. वन्संना जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण असा विचार करणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

बरोबर कोण येणार?

ठिकाण निवडायच्या आधी हे विचारायला हवं. घर दुरावलंय हे दुखणं आणि एकटं निघून जाणं हा उपाय, यांचा मेळ लागतो का ते तपासून बघा.

पवनारचं ब्रह्मविद्या मंदिर विनोबांनी 1959 साली धाम नदीच्या काठी सुरू केलं, ते स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. मोक्षसाधना पुरुषांनी करायची आणि बायकांनी त्यांना रांधून घालायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. तिथल्या भगिनींनी आजन्म ब्रह्मचर्य घेतलं, घरदार मागे ठेवलं आणि नवं कुटुंब उभं केलं. त्या जगण्यापुढे मी मनापासून हात जोडते. पण तुटलेलं घर सांधायला कुणी तिथे जात नाही. जुन्या घराचा हिशेब मिटवूनच त्या वाटेला लागायचं असतं. पाहुणे म्हणून चार दिवस राहणं वेगळं.

इगतपुरीचं धम्मगिरी 1976 पासून चालू आहे. तिथे नवरा-बायको एकाच दिवशी दाखल झाले तरी दहा दिवस एकमेकांशी बोलत नाहीत, एकत्र बसत नाहीत. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करायचा. वाचायचं नाही, लिहायचं नाही. पहाटे चारला घंटा होते. कुटुंब घेऊन जाण्याची ही जागाच नव्हे, तिथे आपण आपल्याशीच बसतो.

सबंध कुटुंबाला नांदता येईल असं यादीतलं ठिकाण ऑरोविलच. 1968 साली अरविंदाश्रमाच्या श्रीमाताजींच्या कल्पनेतून ते उभं राहिलं. मुलांना शाळा आहेत, पन्नासाहून जास्त देशांतली माणसं आहेत. पण तिथे जायचं तर नवराबायको दोघांना ते मनापासून हवं असलं पाहिजे. पन्नाशीपुढच्या मराठी जोडप्यात दोघांना एकाच वेळी असं वाटणं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

दिंडीत आणि गोंदवल्यात मात्र आजी, सून, नातू, शेजारीण कुणीही चालतं. साधना किती झाली हे कुणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत 1904 साली फिनिक्सची वसाहत केली, 1910 ला टॉल्स्टॉय फार्म, आणि भारतात परतल्यावर साबरमती. सामूहिक जीवनाचे एवढे मोठे प्रयोग आपल्याकडे दुसऱ्या कुणी केले नसतील. तरीही थोरला मुलगा हरिलाल 1911 मध्ये वडिलांशी बिनसून निघून गेला आणि ती जखम अखेरपर्यंत भरली नाही. आश्रम चालवणाऱ्या महात्म्याच्या घरात हे घडलं. तेव्हा आश्रमात गेलं की नातं आपोआप सुधारतं या भरवशावर कुणी राहू नये.

पंगत आणि काम

वन्संचं दुखणं पोळ्यांच्या डब्यात दिसलं, म्हणून जेवण कुठे कसं होतं ते बघू.

गोंदवल्याला महाप्रसाद. हजारो माणसं येतात, पंगती बसतात, वाढणारे सेवेकरी असतात आणि पैसे कुणी मागत नाही. ब्रह्मचैतन्य महाराजांनी 1913 मध्ये देह ठेवला, पण अन्नदान आजही चालू आहे. महाराज स्वतः प्रपंची होते, आईचं सगळं त्यांनी भक्तिभावानं केलं. प्रपंच टाका असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, प्रपंचात राहून नाम घ्या म्हणाले. म्हणूनच घर न सोडता घर सुधारू पाहणाऱ्याला तिथे अवघडल्यासारखं होत नाही. गेल्या वेळी माझ्या शेजारी एक बाई आणि तिची कॉलेजातली मुलगी पंगतीला बसल्या होत्या. आमटीभात आला. मुलीचा हात सवयीनं मोबाइलसाठी पर्सकडे गेला, पण पर्स खोलीवर राहिली होती. थोडा वेळ ती इकडेतिकडे बघत राहिली. मग आईच्या पानातली भाजी संपलेली दिसली तशी तिनं वाढप्याला हाक मारली, "काका, इकडे आईला भाजी." एवढंच. आईनं मान खाली घालून भात कालवला, पण तिचे डोळे मला दिसले.

पवनारला सगळं काम स्वतः. नोकर नाही. स्वयंपाक, झाडलोट, शेती वाटून घ्यायची. पहाटे ईशावास्य, दुपारच्या आत विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी स्थितप्रज्ञाचे श्लोक. सहस्रनामाच्या वेळेला हातातलं काम ठेवून सगळ्या एकत्र येतात. पाहुणी म्हणून गेलेल्या मला निवडायला तांदूळ दिले. शेजारच्या वयस्कर ताईंनी तासाभरात दोन वाक्यंसुद्धा उच्चारली नसतील. तरी एकटं वाटलं नाही, कारण आमचे हात एकाच ताटात होते. वन्संच्या घरात आज हेच उरलेलं नाही. तिथे सगळी कामं मावशी, अ‍ॅप आणि मशीन यांच्यात वाटली गेली आहेत, दोघांनी मिळून करायचं असं एकही काम नाही.

इगतपुरीत सकाळचा नाश्ता आणि अकराचं जेवण, दोन्ही मुकाट्यानं. संध्याकाळी नव्या साधकांना चहा-फळं, जुन्यांना तेही नाही. आपलं ताट आपण धुवायचं. तिथलं मौन मला फार उपयोगी पडलं. पाचव्या-सहाव्या दिवशी लक्षात आलं, की घरी मुलगा गप्प असतो असं मी म्हणते, पण तो तोंड उघडायच्या आत माझं उत्तर तयार असतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

रुसवाफुगवा कुठे मांडायचा?

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हे. चार माणसं एकत्र आली की कुरबुर होणारच. ती मांडायला जागा आहे का, आणि ऐकणारं कुणी आहे का, यावर ते एकत्र राहणं टिकतं की फुटतं हे ठरतं.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्याला समाज आरती ठाऊक असते. मुक्काम आला की दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानठळ्या बसतात. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे मानकरी, हातातला चोप (दंड) वर करतात आणि "होऽऽ" अशी आरोळी होते. क्षणात शांतता. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. पण कधीकधी एखाद्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत, वाजतच राहतात. याचा अर्थ त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, तोडगा काढतात. मग ते टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते, आरती होते आणि सगळे आपापल्या तंबूकडे वळतात.

वारीचा हा शिस्तबद्ध सोहळा हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिला. तक्रार दाबायची नाही, चव्हाट्यावरही आणायची नाही. टाळ वाजवत राहायचे, की मोठं माणूस आपणहून जवळ येऊन विचारतं, आणि सगळा समाज तोवर थांबतो. आमच्या घरात कुणाचे टाळ वाजत होते आणि कुणी जाऊन विचारलं नाही, हे मला पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीच्या मुक्कामी बसून आठवत राहिलं.

पवनारची रीत वेगळी. तिथे प्रमुख असा कुणी नाही. निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचा, एकीला पटलं नाही तर थांबायचं. ऐकायला गोड वाटतं, पण याला दांडगा धीर लागतो. भगिनींनी तो वर्षानुवर्षं धरला. आता त्यातल्या बऱ्याच वयानं थकल्या आहेत, हेही जाणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

ऑरोविलमध्ये समित्या, सभा सगळं आहे. तरी शहर कसं वाढवायचं, रस्त्यासाठी झाडं तोडायची का, यावरून 2021 नंतर रहिवासी आणि प्रशासन यांच्यातला वाद न्यायालयापर्यंत गेला. शांत गाव म्हणून जाणाऱ्यानं ही बाजूही समजून घ्यावी.

इगतपुरीत बोलायचंच नसतं. अडचण असेल तर आचार्यांना किंवा धम्मसेवकांना सांगायची, तीही साधनेपुरती किंवा सोयीगैरसोयीपुरती.

पैसा आणि परतीची वाट

इथे वन्संना मी जरा आवाज चढवून बोलले.

ऑरोविलला घरासाठी पैसे तुमचे लागतात, पण घर तुमच्या नावावर होत नाही. जमीन-इमारती ऑरोविल फाउंडेशनच्या, त्याचा 1988 चा स्वतंत्र कायदा आहे. बाहेर पडताना ते घर बाजारात विकता येत नाही. तत्त्व म्हणून मला ते आवडतं. साठीनंतर ठाण्याचा फ्लॅट मोडून जाणाऱ्याला मात्र हे आधी माहीत हवं.

इगतपुरीत राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर मनाला येईल ते दान. गोंदवल्याला थोड्या दिवसांपुरती राहायची सोय होते, कायमचं राहायला ते नाही. दिंडीत भिशी, म्हणजे वर्गणी, असते. प्रत्येक दिंडीची रक्कम निराळी, त्यात जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक आला. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत तीन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि मग माणूस आपल्या घरी येतं.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं एका आश्रमाला, नाव घेत नाही, राहतं घर देऊन टाकलं. दोन वर्षांत यजमानांना पक्षाघात झाला. आश्रमात रुग्णाची सोय नव्हती, आणि मुलाकडे जायचं तर कुठल्या तोंडानं? मुलानं नेलं, चांगलं सांभाळलंही. पण ती दोन वर्षं मधे पडली ती पडलीच. कुठेही जा, पहिलं वर्षभर घराची किल्ली आपल्याच पर्समध्ये ठेवा. जी संस्था यावर नाक मुरडेल तिथे राहू नका.

मग कुणी कुठे?

जोडीदार गेलाय, मुलं परदेशात स्थिरावली आहेत, मागे ओढ नाही आणि साधनेची तहान खरी आहे, तर पवनारसारख्या ठिकाणी महिनाभर राहून बघा. शेगावला गजानन महाराज संस्थानातली सेवाही अशांना जमते. सेवेकरी पाळीपाळीनं येतात, काम करतात आणि घरी परततात. समोरच्याला "माउली" म्हणून हाक मारत दिवसभर राबलेला माणूस घरी गेल्यावर सुनेशी थोडं निराळं बोलतो, हे मी जवळून पाहिलंय.

घरात चिडचिड आहे आणि आत कुठेतरी कळतंय की तिचं मूळ आपल्यात आहे, तर इगतपुरी. मात्र घरच्यांना आधी नीट सांगून जा. दहा दिवस फोन बंद म्हणजे काय, हे त्यांना कळलेलं नसतं. मनाच्या आजारावर उपचार चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नका. अर्जातही ते खरं लिहा.

आणि वन्संसारखं असेल, म्हणजे सगळी माणसं एका छताखाली आहेत आणि तरी लांब, तर एकट्यानं कुठेच जाऊ नका. माझं मत स्पष्ट आहे. ज्या घरात अजून पाच ताटं आहेत तिथल्या बाईनं आश्रमात जाणं म्हणजे सहावं अंतर तयार करणं. सगळ्यांना घेऊन निघा, थोड्या दिवसांसाठी, आणि जिथे काम वाटून घ्यावं लागतं अशा ठिकाणी. सबंध वारी सगळ्यांना झेपणार नाही, सुट्ट्याही मिळणार नाहीत. आळंदी ते पुणे एवढा एक दिवस चाललात तरी चालेल. दुसरा टप्पा दिवे घाटाचा. तो लांब आहे, दम काढतो, गुडघे दुखत असतील तर नको. चालवतच नसेल तर गोंदवलं.

वन्सं म्हणाल्या, नातू यायचा नाही, त्याला कंटाळा येतो. मी म्हटलं, त्याला वाढपी म्हणून उभा करा. सेवेला हात हवेच असतात.

ते दिवाळीच्या सुट्टीत गोंदवल्याला गेले, तीन दिवस. सुनेला ऑफिसनं सोडलं नाही, बाकी चौघं गेले. परवा फोन आला तेव्हा मी मुद्दाम काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, आल्यापासून नातू रविवारी दुपारी वाढायला घेतो. बाकीच्या दिवशी डबा टेबलावरच असतो. रविवारी मात्र सगळ्यांना बसावं लागतं, कारण तो बादली घेऊन उभा राहतो आणि "वरण, वरण" म्हणून ओरडत सुटतो.