योजिंबो की फिस्टफुल, एकच संध्याकाळ असेल तर आधी कुठला लावायचा?

महिन्यातून एकदा आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावून पिक्चर बघतो आम्ही, आणि गेल्या खेपेला निवडायची पाळी माझी होती. सामुराई पिक्चरांतून हॉलिवूडवाल्यांनी काय काय उचललं यावर आमच्यात आधीच बरीच खडाजंगी झालेली, त्यामुळे त्यातलंच काहीतरी लाव असं ठरलं. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' माझ्या मते यातला सगळ्यात मोठा, पण 207 मिनिटं, गच्चीवर, डासांत, प्लास्टिकच्या खुर्चीत, कोण बसणार. त्याचाच 'हिडन फोर्ट्रेस' आणि 'स्टार वॉर्स' ही जोडी पण मनात होती, सगळी गोष्ट दोन भांडकुदळ फालतू माणसांच्या नजरेतून सांगायची युक्ती आपण तिथून घेतली हे 'स्टार वॉर्स'वाल्या लुकासने स्वतःच सांगितलंय, पण तिथे नातं शोधावं लागतं, नाकावरून पुतण्या कोणाचा ते ओळखावं तसं. कुरोसावाचा 'योजिंबो' (1961) आणि इटलीच्या लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (1964) यांचं तसं नाही, एक बघून लगेच दुसरा लावलात तर पुढचा सीन काय येणार ते तुम्हीच सांगाल.

हाच प्रश्न परवा एका मित्राने विचारला की दोघांतला आधी कुठला बघू, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गोष्ट सांगत बसत नाही. गावात दोन टोळ्या, एक उपरा येतो, दोघांकडून पैसे घेतो आणि दोघांनाही एकमेकांच्या अंगावर घालतो, एवढं तर सगळ्यांना माहीतच असतं.

आधी चोरीचा मुद्दा उरकून टाकू, कारण तो निघाला की बाकी गप्पा बंद पडतात. हो, लिओनेने परवानगी न घेता बनवला, योजिंबोवाल्या तोहो कंपनीने दावा ठोकला, शेवटी जगभरच्या कमाईत 15 टक्के वाटा आणि जपान, तैवान, दक्षिण कोरियातले वितरणाचे हक्क यावर मिटलं. या भानगडीत अमेरिकेत फिस्टफुल लागायला 1967 उजाडलं. पण कुरोसावाने तरी सगळं घरच्या विहिरीतून शेंदलं होतं का? डॅशिएल हॅमेटच्या अमेरिकन गुन्हेगारी गोष्टी त्याने पचवलेल्या, 'द ग्लास की' या 1942 च्या पिक्चरचं ऋण तर त्याने मान्यही केलेलं, आणि वर अमेरिकन वेस्टर्न बनवणाऱ्या जॉन फोर्डचा तो भक्त. लिओने तर इटलीतल्याच गोल्दोनीचं दोन मालकांच्या नोकराचं अठराव्या शतकातलं नाटक पुढे करायचा. म्हणजे माल अमेरिकेतून जपानला, जपानहून इटलीला, आणि इटलीवाल्यांनी स्पेनमध्ये शूटिंग करून परत अमेरिकेला विकला. तेव्हा मूळ कोणाचं या मुद्द्यावर कुठला बघायचा ते ठरवू नका, मी तरी नाही ठरवलं.

आता शेजारीशेजारी ठेवून बघू. पहिली मारामारी घ्या. योजिंबोत हिरो मिफुने टोळीतल्या तिघांसमोर जाऊन उभा राहतो, ते आपापल्या गुन्ह्यांची फुशारकी मारतात, आम्ही सापडलो तर फासावरच जाणार वगैरे, आणि दोन-चार सेकंदांत दोघं आडवे आणि एकाचा हात तुटून जमिनीवर. मग जाताजाता शवपेट्या करणाऱ्याला सांगतो, दोन पेट्या कर... नाही, बहुतेक तीन. ('स्टार वॉर्स'च्या दारूच्या गुत्त्यातला सीन आठवा, तिथेही आधी फुशारकी, बारा ठिकाणी फाशीची शिक्षा लागलीय मला, आणि मग तुटलेला हात जमिनीवर. योगायोग म्हणायचा तर म्हणा.) लिओनेने हा विनोद घेतला आणि अजून घासूनपुसून लख्ख केला. त्याचा हिरो ईस्टवूड जातानाच सांगून जातो की तीन पेट्या तयार ठेव, खेचराला हसलात म्हणून त्याची माफी मागा असं त्या गुंडांना म्हणतो, आणि परत येताना, चुकलं माझं, चार. टाळ्या पडणारच, आमच्याकडेही पडल्या असत्या. विनोद म्हणून लिओनेचा जास्त बांधीव आहे हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. फक्त मला ते 'बहुतेक तीन' जास्त आवडतं, कारण त्यात तो तिसरा, हात तुटलेला, माणूस अजून तिकडे विव्हळत पडलाय आणि याला खरंच माहीत नाही तो जगेल की नाही.

गावाचा रस्ता घ्या. कुरोसावा आणि त्याचा कॅमेरामन मियागावा लांबून लेन्स लावतात, त्यामुळे एका टोकाची टोळी आणि दुसऱ्या टोकाची टोळी एकाच रुंद चौकटीत, मधे धूळ आणि वारा. मिफुने दोघांना भिडवून देतो आणि स्वतः वर बुरुजावर जाऊन बसतो मजा बघत. खाली दोन्ही बाजूचे शूरवीर चार पावलं पुढे येतात, पाच मागे जातात, परत पुढे, तलवारी थरथरतायत. कबड्डीत नवखा गडी निदान रेषेला शिवून तरी येतो, हे लोक मधल्या रेषेपर्यंतही पोचत नाहीत. त्याच्या आधी भाड्याने आणलेला एक तलवारबाज मागच्या कुंपणावरून उडी मारून पळून जातो आणि पळताना मिफुनेला हात हलवून टाटा करतो. हिंसेवरचा पिक्चर म्हणून लावलेला आणि गच्चीवर हशा. फिस्टफुलमध्ये हा भ्याडपणाचा विनोद जवळजवळ गायबच, तिथले गुंड गुंडच आहेत, आणि ते मला थोडं कमी वाटतं. थोडंच.

पण संगीत आणि चेहरे म्हणाल तर लिओनेकडे पारडं झुकतं, यात वाद नाही. मोरिकोनेची ती शीळ, चाबकाचा आवाज, इलेक्ट्रिक गिटार, एकदा ऐकलं की आठवडाभर अंघोळ करताना तेच. (टायटल्समध्ये त्याचं नाव डॅन सॅव्हिओ आणि लिओनेचं बॉब रॉबर्टसन असं लावलेलं, पिक्चर अमेरिकन वाटावा म्हणून.) सातोचं योजिंबोतलं संगीतही झकास आहे, जरा वात्रट, पण ते गुणगुणता येत नाही. ईस्टवूडचा पोंचो, ती चिरूटची काडी, अर्धवट मिटलेले डोळे, सगळं पोस्टरसारखं. मिफुने त्यामानाने अस्वच्छ आहे, दातात काडी, सारखा दाढी खाजवतो, खांदे उडवतो, अंगात पिसवा असल्यासारखा. हॉलिवूडचा इस्त्री केलेला हिरो जाऊन हा खाजवणारा हिरो आला तो इथूनच, आणि पुढे ईस्टवूडमार्फत तो जगभर गेला. आपल्याकडेही पोचलाच की, 'शोले'तले पैसे घेऊन लढायला आलेले दोन भामटे कुरोसावा आणि लिओने दोघांच्याही घरचं मीठ खाल्लेले आहेत.

मग माझं कशावरून ठरलं? हसाल, पण एका पोराच्या रडण्यावरून.

त्या काळात इटलीत सेटवर आवाज रेकॉर्ड करायची पद्धतच नव्हती, जो तो आपापल्या भाषेत डायलॉग म्हणायचा आणि नंतर स्टुडिओत बसून सगळ्यांना आवाज लावायचे. ईस्टवूडनेही इंग्रजी व्हर्जनसाठी स्वतःचा आवाज नंतरच दिलाय. ओठ आणि शब्द यांची गाठ पडत नाही हे मी सहन करतो, दूरदर्शनवर डब केलेल्या मालिका बघून वाढलेला माणूस आहे मी, त्याची सवय आहे. पण फिस्टफुल सुरू झाल्या झाल्या, ईस्टवूड विहिरीवर पाणी पितोय, तिथे एक लहान मुलगा आईला भेटायला खिडकीतून घुसायला बघतो आणि एक जाड्या गुंड त्याला हाकलतो, पायाशी गोळ्या झाडतो. पोरगं रडत पळतं. आणि ते रडणं... मला तरी सरळ सरळ मोठ्या माणसाने लहान मुलाचा आवाज काढल्यासारखं वाटतं. आधी वाटलं आपलेच कान तिखट, म्हणून एक प्रयोग केला. गच्चीवरच्या कार्यक्रमाआधी दोन्ही पिक्चर घरी परत बघत होतो, आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती, तिला टीव्ही दिसत नव्हता. मी काही न सांगता तो सीन लावला. आतून आवाज आला, "काय रे, ती बाई कशाला एवढी गळा काढतेय?"

बास. एकदा हे कानात बसलं की निघत नाही, आणि अडचण अशी की त्या पोराचं रडणं काही कोपऱ्यातली गोष्ट नाही, पिक्चरचा कणाच त्याच्यावर आहे. ओलिसांच्या अदलाबदलीच्या सीनमध्ये ते परत आईकडे धावतं, परत तोच आवाज, आणि ज्या क्षणी या पैसेखाऊ उपऱ्याला पहिल्यांदा दुसऱ्याची दया येते नेमक्या त्या क्षणी माझं लक्ष स्टुडिओत माइकसमोर उभ्या असलेल्या कोणा अनोळखी बाईकडे जातं. योजिंबोत तेच कुटुंब, तेच पोर, पण आवाज त्या रस्त्यावरचा, धुळीतला. आईला जपानीतलं ओ की ठो कळत नाही तरी या वेळी ती मटाराची परात घेऊन बाहेर आली आणि दारात उभ्याउभ्या बघत राहिली, बसली मात्र नाही.

आणि त्याच कुटुंबाचा पुढचा सीन दोघांनी कसा केलाय तेही बघा. उपरा त्यांना सोडवतो, पैसे देतो, पळा म्हणतो. फिस्टफुलमध्ये बाई विचारते, तुम्ही हे आमच्यासाठी का करताय, तर ईस्टवूड कारण सांगतो, तुझ्यासारखीच एक ओळखीची होती, तिच्या मदतीला कोणी नव्हतं. चांगला डायलॉग आहे, लोकांना आवडतो. योजिंबोत नवराबायको जमिनीवर डोकं टेकून आभार मानायला लागतात आणि मिफुने चिडतो. असली दीनवाणी माणसं मला आवडत नाहीत, रडलात तर मारून टाकीन, निघा. कारण वगैरे काही सांगत नाही. आपल्या घरात एखादे काका असतात ना, फी भरायला गुपचूप पैसे देतात आणि पाया पडायला गेलं की खेकसतात, अगदी तसे. लिओनेच्या हिरोचं मला कौतुक वाटतं, याची मात्र ओळख पटते. आता हे माझं मत झालं, कुणाला उलटं वाटू शकतं.

योजिंबोचीही एक कटकट आहे, ती लपवत नाही. सबटायटल. ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर, त्यात धूळ आणि पांढरट आकाश, आणि त्यावर पांढरी अक्षरं. आमच्याकडे शेवटच्या रांगेतल्यांना अर्धं वाचताच येईना, एक काका तर सरळ म्हणाले की मी बघतो, तू सांग. तुमच्या प्लेयरमध्ये रंग बदलता येत असेल तर सबटायटल पिवळी करा, मोबाइलवर तर बघूच नका, ती रुंद चौकट तिथे चुरगळते. आणि सुरुवातीला कोण कुठल्या टोळीतला यात पंधरा मिनिटं गोंधळ होतो, सेइबेई, उशितोरा, त्यांचे भाऊ, पोरं. त्यातल्या त्यात नाकादाई या नटाने केलेला उनोसुके ओळखायला सोपा, गळ्यात मफलर आणि हातात पिस्तूल, तलवारींच्या गावात एकटाच पिस्तूलवाला. फिस्टफुलला हा त्रास नाही, बॅक्स्टर आणि रोहो, दहा मिनिटांत डोक्यात बसतात.

त्यामुळे घरी सबटायटल वाचायला कुरकुरणारी मंडळी असतील, किंवा जेवताजेवता बघायचाय, तर फिस्टफुल लावा, पैसे वसूल आहेत, रंग आहे, शीळ आहे, शेवटची लोखंडी पत्र्याची आयडिया भन्नाट आहे. आणि दोन्ही बघणार असालच तर माझं ऐकाल तर आधी योजिंबो. आधी फिस्टफुल बघितलात तर योजिंबो बघताना सारखं मनात तुलना चालते की अरे इथे ती शीळ का नाही. उलट क्रमाने गेलात तर लिओनेने कुठे काय वाढवलं ते सापडत जातं आणि त्याच्याबद्दलचा आदर कमी न होता वाढतो, माझा तरी वाढला.

गच्चीवर शेवटी योजिंबोच लावला. बावीस जण होते, मध्ये उठून गेले तिघं, त्यातले दोघं डासांमुळे. संपल्यावर लगेच मागणी आली की आता ईस्टवूडवाला पण होऊन जाऊ दे पुढच्या महिन्यात. लावतो म्हणालोय, फक्त रिमोट माझ्याकडे राहणार आणि ते पोरगं पडद्यावर आलं की आवाज बंद.